दुरुस्तीचे दहा टक्के

आमच्या नगर परिषदेच्या फलकावर वर्षातून दोन याद्या लागत. मार्चमध्ये घरपट्टीच्या बड्या थकबाकीदारांची आणि मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, धोकादायक इमारतींची. पहिली कर विभागाची, दुसरी बांधकाम विभागाची. मी कर विभागात होते, पण दुसरी यादीही बऱ्याचदा माझ्याच टेबलावर टाइप व्हायची, कारण बांधकाम विभागातली क्लार्कची जागा महिनोन्‌महिने रिकामी असे. दोन्ही याद्या एकाच हाताखालून गेल्या की एक गोष्ट लक्षात येतेच. घर क्रमांक पुष्कळसे तेच असतात. ज्या वाड्याची घरपट्टी वर्षानुवर्षं आलेली नाही, त्याच वाड्याचं माडीवरचं बहाल खचलेलं असतं.

हे दोन विभाग एका भिंतीच्या अल्याड-पल्याड बसतात आणि एकमेकांच्या फायली बघत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही लहान नगर परिषदेत जा, हेच दिसेल. म्हणून मी कुठली नगर परिषद ते सांगत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की धोकादायक इमारत आणि बुडालेली घरपट्टी ही एकच फाईल आहे, आणि ती एकत्र उघडल्याशिवाय दोन्हींतलं काहीही सुटणार नाही.

आता त्यासाठी थोडं हिशेबात शिरावं लागेल. कंटाळू नका, हा हिशेब तुमच्या घरपट्टीच्या बिलावरच असतो.

घरपट्टी ठरते करयोग्य मूल्यावर. घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल, ते आधी काढायचं. त्या रकमेतून १० टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर नगर परिषदेने ठरवलेल्या दराने कर. मधले १० टक्के कशाचे? महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम, १९६५ म्हणतो की ही वजावट दुरुस्ती वगैरे सगळ्या खर्चापोटी सरसकट. म्हणजे मालक घराची डागडुजी करणार हे गृहीत धरून कायदा त्याला दर वर्षी सूट देतो. डागडुजी झाली की नाही हे विचारायची मात्र त्यात सोय नाही. वर्षाचं भाडं ६० हजार धरलं तर ६ हजारांवर कर माफ. तीस वर्षांत १ लाख ८० हजारांवर. दुरुस्तीच्या नावाने. आणि तीस वर्षांनी तोच मालक नोटिशीच्या उत्तरात लिहितो की दुरुस्ती आपल्याला परवडत नाही.

माझ्या अख्ख्या नोकरीत या १० टक्क्यांवर एकाही सभेत चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. करवाढीवर झाल्या, पाण्यावर झाल्या, गटारांवर तर दर महिन्याला होत.

नगर परिषदांचा कणा मोडला तो मात्र घरपट्टीने नव्हे. १ मे १९९९ ला राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली, तेव्हा मी नाक्यावर होते. वेशीवरची ती टपरीवजा खोली, कंदील, पावतीपुस्तक, ट्रकवाल्यांची हुज्जत. व्यापाऱ्यांना जकात नको होती आणि त्यांचं खोटं नव्हतं. त्या टपरीत काय काय चालायचं ते मी पाहिलेलं आहे. पण रोज संध्याकाळी त्या खोलीतून नगर परिषदेच्या तिजोरीत रोख पैसा जात होता, आणि तो स्वतःचा होता. जकात गेली तसं तिच्या जागी शासनाचं अनुदान आलं. अनुदानातून पगार निघतात. ते कधी वेळेवर येतं, कधी रखडतं, आणि त्यासाठी मंत्रालयात कोणाला तरी खेटे घालावे लागतात. नाक्यावरची आम्ही माणसं कर विभागात सामावली गेलो. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न राहिलं घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं.

आणि घरपट्टी वाढवायची कोणाची छाती होत नाही. कायद्याने दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. ती लागू करायची वेळ आली की हरकतींचा पाऊस पडतो, मोर्चा येतो, मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं जातं, आणि सगळे पक्ष एका सुरात स्थगिती मागतात. इतर कशावरही या लोकांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, कागदावर जबर वाटते. मग एखाद्या वर्षी अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि वेळेवर भरणारा माणूस खिडकीशी येऊन मला विचारतो, "मॅडम, मी मूर्ख आहे का?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसायचं. पावती द्यायचे.

त्यात आमच्या किनाऱ्याची एक खास गोष्ट. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही गावं हद्दीने चिमुकली. २०११ च्या जनगणनेत अलिबाग नगर परिषदेची लोकसंख्या २० हजारांच्या थोडी वर, मुरूडची १२ हजारांच्या आसपास. नवी वस्ती सगळी हद्दीबाहेर. अलिबागेत रिक्षात बसून चेंढरे कुठे लागलं आणि वरसोली कुठे, हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही, पण त्या ग्रामपंचायती आहेत. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि थळ, किहीम, आवास, नागावकडच्या जमिनींचे भाव ऐकून आमच्याकडचे जुने लोक नुसते हसतात. बंगले तिकडे, कर ग्रामपंचायतीला. शनिवार-रविवारच्या गाड्या, कचरा, पार्किंग आणि जुन्या बाजारपेठेतले मोडकळीला आलेले वाडे मात्र नगर परिषदेच्या वाट्याला. माथेरानच्या नगर परिषदेला निदान दस्तुरी नाक्यावर येणाऱ्या प्रत्येकाकडून प्रवासी कर घेता येतो. किनाऱ्यावरच्या गावांना असा एकच नाका नाही.

आता त्या वाड्यांकडे वळते.

आकारणी रजिस्टरमध्ये दोन रकाने असतात, मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव. बाजारपेठेतल्या जुन्या घरांचा मालकाचा रकाना वाचण्यासारखा असतो. 'कै. अमुक तमुक व इतर'. कैलासवासी होऊन चाळीस वर्षं झालेली, आणि 'इतर' म्हणजे गिरगाव, डोंबिवली, पुणे, न्यू जर्सी. वारसनोंद करायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. सगळ्यांच्या सह्या म्हणजे सगळ्यांचं पटायला हवं, आणि त्यांचं आजोबांच्या वेळेपासून पटलेलं नाही. दर वर्षी घरपट्टीचं मागणी बिल मेलेल्या माणसाच्या नावाने निघतं. धोकादायक इमारतीची नोटीसही त्याच नावाने निघते, कारण बांधकाम विभाग नाव आमच्याच रजिस्टरमधून घेतो. एकदा मी अशा एका 'इतर'ला डोंबिवलीला फोन लावला. गृहस्थ सज्जन, मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "ताई, माझा हिस्सा किती, तर बत्तिसावा. बत्तिसावा हिस्सा मी लगेच पाठवतो. बाकीच्यांचं तुम्ही बघा." पाठवलाही त्यांनी. ती रक्कम कुठल्या शीर्षाखाली जमा करायची यावर आमच्याकडे दोन दिवस काथ्याकूट चालला होता.

भोगवटादाराचा रकाना हा भाडेकरूचा जीव. भाडं जुनं, पन्नास-साठ रुपये, मनीऑर्डरने पाठवलं की मालक परत करतो. भाडेपावती नाही, करारनामा नाही. नगर परिषदेच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव आहे आणि आपण घरपट्टी भरतो, एवढाच त्याच्याकडे कागद. त्यामुळे मालक थकवतो आणि भाडेकरू आपल्या खोलीपुरती का होईना, भरतो.

अशाच एका वाड्यात मी नोटीस लावायला गेले होते. खाली तीन दुकानं, वर दोन बिऱ्हाडं. शिपायाच्या हातात खळीचा डबा आणि लाल रंग, पंच म्हणून शेजारचे दोघे. ओटीवरच्या सागवानी खांबाला वाळवी लागून तो बुडाशी इतका पोकळ झालेला की शिपायाने बोट लावलं तर भुसा गळला. खालच्या किराणावाल्याने आम्ही रंग काढायच्या आतच तांदळाची पोती भिंतीला लावायला सुरुवात केली, म्हणजे 'धोकादायक' हा शब्द गिऱ्हाइकाला दिसायला नको. आणि माडीवरच्या आजी जिना उतरून आल्या, एकेक पायरी चाचपत, कारण मधल्या दोन पायऱ्या नव्हत्याच. त्यांनी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. "बाय, नोटीस चिकटवायची तर चिकटव. आधी माझी घरपट्टी घे आणि पावती दे." पावतीपुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी पावती फाडली. शिपाई तोवर त्यांच्याच दाराशेजारी नोटीस लावत होता.

इमारत राहण्यास अयोग्य आहे असं सांगणारा कागद आणि तिथे राहतो म्हणून कर घेतल्याचा कागद, दोन्हींवर शिक्का एकच. यात बेकायदा काहीही नाही. इमारत उभी आहे आणि वापरात आहे तोवर कर लागतोच.

नोटिशीचं बळ किती, तेही पाहू. अधिनियमाच्या कलम १९५ खाली नगर परिषद मालकाला आणि राहणाऱ्यांना सांगू शकते की हे पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा. त्यांनी केलं नाही तर नगर परिषद स्वतः करू शकते आणि खर्च वसूल करू शकते. वसूल कसा करायचा? कराच्या थकबाकीसारखा. ज्या मालकाकडून बाराशे रुपये घरपट्टी वसूल होत नाही, त्याच्याकडून पाडकामाचे काही लाख कराच्या रीतीने वसूल करायचे, असा तो कायदा आहे. म्हणून नगर परिषदा स्वतः पाडत नाहीत. पैसेच नसतात, आणि असले तरी परत येणार नाहीत हे लेखापालाला ठाऊक असतं. मग उरते नोटीस. दर मे महिन्यात तोच मजकूर, तारीख बदलून, शेवटी ठरलेलं वाक्य: दुर्घटना घडल्यास नगर परिषद जबाबदार राहणार नाही. पूर्वी नळजोडणी तोडायचे, हल्ली वीज कंपनीलाही पत्र जातं. लोक शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणतात आणि राहतात. जाणार कुठे? मुंबईत निदान म्हाडाची संक्रमण शिबिरं आहेत, ती कशी का असेनात. आमच्याकडे पावसात चार महिने माणसं हलवायची तर नगर परिषदेच्या शाळेत, आणि त्या शाळेचंच छत गळत असतं.

सरकारी मालकी आहे म्हणून इमारत मजबूत असते, अशातलाही भाग नाही. मुंबईत डॉकयार्ड रोडला सप्टेंबर २०१३ मध्ये पडलेली बाबू गेनू मंडईची इमारत महापालिकेची स्वतःची होती, राहणारे बहुतेक महापालिकेचेच कर्मचारी. ६१ माणसं गेली.

एवढं जुन्या वाड्यांबद्दल बोलले, पण आमच्या जिल्ह्यातली इमारत पडण्याची अलीकडची सगळ्यात मोठी दुर्घटना वाड्याची नव्हती. महाडच्या काजळपुऱ्यातली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी बसली तेव्हा तिला दहा वर्षंही झालेली नव्हती. १६ जणांचा जीव गेला. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, ते दृश्य सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगर परिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये पडलेली इमारतही जुनी म्हणता येणार नाही, तिथे १७ गेले.

आमच्या मे महिन्याच्या यादीत अशी इमारत येतच नाही. कायदा म्हणतो, तीस वर्षं झाली की संरचनात्मक तपासणी करून घ्या. त्याआधी कोणी विचारत नाही. हा तीसचा आकडा कुठल्या हवेला धरून ठरवला असेल ते माहीत नाही, पण समुद्रावरच्या गावासाठी तो फार ढिला आहे. खाऱ्या वाऱ्यात सळई लवकर गंजते, गंजली की फुगते, आणि फुगलेली सळई वरचं काँक्रीट बाहेर ढकलते. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या इमारतींच्या गच्चीखालून सळया दिसतात. बिल्डरने वाळू कुठल्या खाडीतली आणली, धुतली की नाही, हे तर वेगळंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडवरून गेलं तेव्हा कौलं उडाली, पत्रे उडाले, माड-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. छपरांचे पंचनामे झाले. त्या दिवशी खांबांना आणि भिंतींना काय झालं याची नोंद कोणी केली नाही. पंचनाम्याच्या नमुन्यात ते नव्हतं.

आता लोकांचा नेहमीचा प्रश्न: कर वाढवून द्यायचा कशाला? खायला? प्रश्न रास्त आहे, मी आत बसलेली बाई आहे, मला नका सांगू. पण याच उत्तराने गेली पंचवीस वर्षं नगर परिषद दुबळी ठेवली, आणि दुबळ्या नगर परिषदेचा फायदा कोणाला झाला ते बघा. ज्यांना बांधकाम परवानगीत नसलेला मजला चढवायचा होता त्यांना झाला. एक अभियंता, तोही कधी दोन नगर परिषदांचा कार्यभार सांभाळणारा, किती प्लिंथ तपासेल? बेकायदा बांधकामाला दुप्पट शास्ती लावून करात नोंद घ्यायची पद्धत आहे, ती तर मला शेवटपर्यंत पटली नाही. नोंदीवर लिहिलेलं असतं की या करामुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही. माणूस तेवढी ओळ सोडून बाकीची पावती फ्रेम करून लावतो.

उशिरा लावलेला कर कसा अंगाशी येतो याला पनवेलसारखं उदाहरण नाही. महापालिका झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, मालमत्ता कराची बिलं लोकांच्या हातात पडली २०२१ मध्ये, ती मागच्या तारखेपासूनची. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक म्हणाले, तेव्हा आम्ही सिडकोला सेवाशुल्क देत होतो, दोनदा का द्यायचे? मोर्चे, कोर्टकचेऱ्या. लोकांचं चुकलं असं म्हणवत नाही. दर वर्षी थोडं थोडं घेतलं असतं तर कोणी रस्त्यावर आलं नसतं.

मुंबईचं उदाहरण देते, कारण ते आमच्यापासून एका खाडीच्या अंतरावर आहे आणि आमच्या कोणालाच सुचलेलं नाही. १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. हा पैसा करातूनच येतो आणि दुरुस्ती मंडळ त्यातून टेकू, दुरुस्ती, पुनर्बांधणी बघतं. ते मंडळ फार मोठं यशस्वी झालं असं कोणी म्हणणार नाही. गिरगाव-काळबादेवीत दर पावसाळ्यात काहीतरी पडतंच. पण तिथल्या भाडेकरूला जाऊन दार ठोठावायला एक ऑफिस आहे, आणि त्याच्या नावाने कुठेतरी पैसा जमा होतो. मुरूडच्या भाडेकरूला यातलं काहीच नाही. त्याचं घर पडलं तर तहसीलदाराची मदत, तीही पावसाने पडलं असं पंचनाम्यात आलं तर.

मला काय हवं ते सांगते. ते १० टक्के फुकटात मिळणं बंद करा. दर पाच वर्षांनी परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणा, घर ठीक आहे किंवा दुरुस्ती केली आहे, मग वजावट घ्या. दाखला नाही तर पूर्ण भाड्यावर कर. जास्तीचा येणारा पैसा सर्वसाधारण निधीत जाऊ देऊ नका, तिथून तो पगारात आणि दिवाबत्तीत वितळतो. वेगळं खातं, त्यातून फक्त तीन खर्च: तपासणी, टेकू, आणि घर रिकामं केलेल्या माणसाला पावसाळ्याचं भाडं. गरीब मालकाला, विधवेला, एकट्या म्हाताऱ्याला तपासणी फुकट. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, म्हणजे आमच्या आमदारांना विधानसभेत तोंड उघडावं लागेल.

अभियंते कुठून आणायचे, असं मुख्याधिकारी विचारतील. लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, स्थापत्य शाखा आहे. काँक्रीटवर ठोकून ताकद मोजायचं यंत्र तिथल्या मुलांना वापरता येतं. महाड तिथून हाकेच्या अंतरावर, किनाराही लांब नाही. करार करा, मुलांना प्रत्यक्ष काम मिळेल.

आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याआधी त्याची खोली मोजा, किती चौरस फूट ते लिहून सही-शिक्क्याचा कागद हातात द्या. मुंबई महापालिका अतिधोकादायक इमारत रिकामी करताना हे करते. आजी जिना उतरायला तयार होत नाहीत त्या भिंतीवरच्या प्रेमापोटी नव्हे. एकदा वाडा पडला की आपण इथे राहत होतो हे सिद्ध करायला काही उरणार नाही, याची त्यांना पक्की खात्री असते. मालकालाही तीच खात्री असते, म्हणून तो दुरुस्ती करत नाही. पडायची वाट बघतो. हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन रायगडातल्या दहा नगर परिषदांवर लोकांनी निवडलेली माणसं बसली. त्याआधी बहुतेक ठिकाणी जवळपास चार वर्षं प्रशासक होते. प्रशासकांना मतांची भीती नव्हती, तरी त्यांनी हे केलं नाही, कारण त्यांना बदलीची घाई होती. नव्या नगराध्यक्षांकडे पहिलं वर्ष आहे. करासंबंधी जे काही अवघड करायचं ते पहिल्या वर्षातच होतं, हे मी बऱ्याच नगराध्यक्षांच्या कारकिर्दींत पाहिलं. तिसऱ्या वर्षापासून सगळे उद्घाटनांच्या मागे लागतात. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगानेही अनुदान हवं तर मालमत्ता कराची वसुली वाढवा अशी अट घातली होती. त्यामुळे कर वाढवला तर दोष दिल्लीवर ढकलायची सोयही आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल, तोवर एक काम मात्र लगेच होण्यासारखं आहे. नगर परिषदेत असा एकच माणूस असतो जो गावातल्या प्रत्येक घराच्या आत, माजघरापर्यंत जातो. मुख्याधिकारी जात नाहीत, अभियंता जात नाही. आकारणीचा माणूस टेप घेऊन जातो. तो लांबी-रुंदी लिहितो, कौल की पत्रा की स्लॅब, निवासी की दुकान, नळ किती. खांबाला गेलेली भेग त्याला दिसते, आम्ही परत येऊन चहा पिताना बोलायचो त्याबद्दल. पण तक्त्यात तसा रकाना नसतो, त्यामुळे ती भेग कार्यालयात पोचत नाही. हल्ली ही पाहणी खासगी कंपनीला देतात, ड्रोन फिरवतात, आणि ड्रोनला तर नुसतं छप्परच दिसतं.

दोन रकाने वाढवा. शेवटची दुरुस्ती कोणत्या साली, आणि खांब, तुळई किंवा स्लॅबला भेग दिसते का. तेवढ्याने बांधकाम विभागाची यादी दारावरून न जाता घराच्या आतून तयार होईल, आणि घर क्रमांक दोन्हीकडे एकच असल्यामुळे कर विभागाच्या यादीशी ताडूनही बघता येईल. याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, सभेचा एक ठराव पुरतो. फक्त पाहणीच्या निविदेत ही अट निविदा निघायच्या आधी घालावी लागेल. नंतर सांगितलं की ठेकेदार दर घराला जादा पैसे मागतो, आणि लेखापाल फाईल परत पाठवतो.